कोटाबाहेरची देवळे

हरियाणातल्या पानिपत शहराबाहेर काला अंब नावाची जागा आहे. तिथे एके काळी आंब्याचे झाड होते. 14 जानेवारी 1761 च्या संहारात इतके रक्त सांडले की त्याची पाने काळवंडली, अशी दंतकथा आहे. झाड केव्हाच गेले. त्याच्या जागी विटांचा स्तंभ उभा आहे, आणि दर संक्रांतीला मराठी माणसे शेकडो कोसांवरून त्याला नमस्कार करायला जातात. त्या दिवशी जी मराठी सेना तिथे लढली तिचे सेनापती सदाशिवराव भाऊ हे चिमाजी अप्पांचे पुत्र. मे 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेणारे ते हेच चिमाजी अप्पा. त्या वेळी भाऊ अवघे आठ वर्षांचे होते. बापाची वसई आणि लेकाचे पानिपत, एक विजय आणि एक पराभव, या दोन टोकांमध्ये अठराव्या शतकातल्या मराठी पराक्रमाची बरीचशी आठवण मावते. दोन्ही ठिकाणांविषयी आपण भरभरून लिहिले आहे. पण लिहिले ते लढाईविषयी. तोफा थंड झाल्यावर त्या जमिनीवर कोण राहिले, त्यांनी काय पेरले, कोणत्या देवापुढे दिवा लावला, हे विचारण्याची सवय आपल्याला फारशी नाही. काला अंबला जे उरले नाही त्याची आठवण आपण जपली, आणि वसईत जे उरले आहे त्याकडे पाहायचे राहून गेले. वसईच्या गावोगावच्या जुन्या चर्चविषयी काही सांगण्याआधी हा मुद्दा मांडायला हवा, कारण या चर्चकडे मराठी वाचकाचे दुर्लक्ष झाले त्याचे मूळ याच सवयीत आहे.

वसई म्हटले की किल्ला डोळ्यांपुढे येतो. 23 डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने हा मुलूख पोर्तुगिजांना दिला, आणि पुढची दोनशे वर्षे वसई त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. कोटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन अशा चारही संघांचे मठ उभे राहिले. 1675 मध्ये आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने इथे सहा चर्च, चार मठ आणि दोन विद्यालये मोजली. आज त्यांतल्या बहुतेकांच्या नुसत्या भिंती आहेत. कमानी आहेत पण छत नाही, वेदीच्या कोनाड्यांत वड-पिंपळाची मुळे उतरली आहेत, आणि जमिनीतल्या थडग्यांच्या शिळांवरची पोर्तुगीज अक्षरे पावसाळ्यागणिक पुसट होत आहेत. पर्यटक हे अवशेष पाहतो, छायाचित्रे काढतो आणि वसईतला ख्रिस्ती इतिहास पाहून झाला असे समजून परततो. पण कोटाचा दरवाजा ओलांडून उत्तरेकडे निघाले की दुसरेच दृश्य सुरू होते. पापडी, सांडोर, रमेदी, मर्सेस, पाली, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी गावे केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधून एकामागून एक येतात, आणि बहुतेक प्रत्येक गावाला चर्च आहे. आगाशीचे सेंट जेम्स 1558 चे, सांडोरचे सेंट थॉमस 1566 चे, नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च 1573 चे. म्हणजे वयाने ती कोटातल्या चर्चच्या बरोबरीची आहेत. फरक एवढाच की ही चालू आहेत. रोज सकाळी मिस्सा होते, घंटा वाजते, बाप्तिस्म्याला बाळ येते, शवपेटी खांद्यावरून आत नेली जाते.

या फरकाचा अर्थ लावायचा झाला तर तो असा आहे: सत्तेने बांधलेली आणि सत्तेने वापरलेली चर्च सत्तेबरोबर गेली, गावाने वापरलेली चर्च गावाबरोबर राहिली. कोटाच्या आत रात्रीचा मुक्काम करण्याचा मान पोर्तुगीज उमरावांपुरता होता, असे जुन्या वर्णनांत आहे. देशी ख्रिस्ती शेतकरी, बागाईतदार, कोळी हे सारे बाहेर, ज्याला तेव्हा कसबा म्हणत त्या बागायती पट्ट्यात. 1695 मध्ये इथे आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने या कसब्याच्या बागांचे वर्णन केले आहे. 1739 च्या मे महिन्यात उमराव आणि गोरे पाद्री जहाजांत बसून गेले, तेव्हा कोटातल्या वेद्यांपुढे गुडघे टेकायला माणूसच उरला नाही. छत कोसळायला तोफगोळा लागत नाही. कोकणातल्या पावसात दोन-तीन पावसाळे कौले परतली नाहीत की वासे कुजतात, आणि वासे कुजले की भिंती उघड्या पडतात. कौले परतणारे हात कोटाबाहेर होते. म्हणून कोटाबाहेरचे छप्पर टिकले. पुढे कोटातल्या जेझुइट चर्चचे छप्पर पुन्हा घातले गेले, त्याचेही कारण हेच. वसईत जन्मलेले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया यांना 1862 मध्ये संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांच्या सणाला गावोगावचे भाविक कोटात येऊ लागले, त्या एका वास्तूला पुन्हा माणसे मिळाली, आणि माणसांमागून छप्पर आले.

यावर पहिला आक्षेप येतो तो साधा नाही, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ही चर्च परकी सत्तेने बांधली, बळाने बांधली, देवळे पाडून बांधली, मग त्यांना मराठी गावाची संस्था कसे म्हणायचे? यातला पहिला भाग खरा आहे. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो याने सोळाव्या शतकात चर्च केले आणि वर मठ बांधला. त्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीचे जे स्थान आहे तिथले मंदिर पोर्तुगीज अमलात राहिले नाही. मराठ्यांचे वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनी ते पुन्हा उभारले. इन्क्विझिशनचा हात या प्रांतापर्यंत पोचत होता. धर्मांतराच्या मागे भीती होती, जमिनीचा लोभ होता, सवलतींचे आमिष होते, आणि काहींच्या बाबतीत खरी श्रद्धाही असेल. चारशे वर्षांनंतर या चारांचे प्रमाण कुणालाच सांगता येणार नाही. हे सारे मान्य करूनही आक्षेप अपुरा पडतो, कारण तो 1739 ला येऊन थांबतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. त्या वर्षी बळ संपले. राज्य पेशव्यांचे झाले. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रहिवाशांच्या धर्माचरणाला मोकळीक होती हे खरे, पण राजाश्रय गेला, युरोपीय पाद्री गेले, संघांची इनामे गेली. उलट हिंदू समाजात परतण्याची वाट उघडली आणि काही कुटुंबे त्या वाटेने परतलीही. म्हणजे ज्यांना जायचे होते त्यांना जाता येत होते. 1818 पर्यंतचा सुमारे ऐंशी वर्षांचा काळ, मधला इंग्रजी अमल सोडला तर, वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने हिंदू राज्यात काढला. त्याच्यावर ख्रिस्ती राहण्याची सक्ती करणारे कुणी नव्हते. तीन-चार पिढ्या त्याने गोव्याहून आलेल्या देशी पाद्रींना पोसले, चर्चचे छप्पर शाकारले, सण केले. संस्थेचा जन्म कुणाच्या हुकमाने झाला यावरून तिची मालकी ठरत नाही. हुकूम देणारा निघून गेल्यावर तिला कुणी सांभाळले यावरून ठरते. या निकषावर नंदाखालचे चर्च पोर्तुगिजांचे नाही, नंदाखालचे आहे.

हाच न्याय आपण दुसऱ्या एका वस्तूला आनंदाने लावतो. वसईच्या विजयानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांतून टांगल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर आहे, आणि तिच्यामुळे नाशिककरांच्या तोंडी ‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोगच झाला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, छोट्याशा दगडी देवळीत जी घंटा टांगली आहे तिच्यावर 1707 हे वर्ष ओतलेले आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. जवळून पाहिले तर त्या धातूवर अनेक हातांच्या स्पर्शाने झिजलेला तो उठाव दिसतो. मेणवलीच्या कुणाही माणसाला ती घंटा परकी वाटत नाही, आणि वाटायचे कारण नाही. पावणेतीनशे वर्षे ती कृष्णेच्या काठी वाजते आहे, आणि तेवढ्या काळात वस्तू त्या मातीची होते. मग मेणवलीच्या घाटावरची मरियेची घंटा मराठी आणि वसईच्या गावातली मरियेची वेदी पोर्तुगीज, हा हिशेब कोणत्या तर्कात बसतो? घंटा जिंकून आणली म्हणून आपली, आणि वेदी ज्यांनी सांभाळली ती माणसे मराठी असूनही वेदी मात्र दुसऱ्याची, असे म्हणायचे असेल तर आपण मराठीपणाची व्याख्या तलवारीवर बेतत आहोत. ती व्याख्या मला मान्य नाही. नांगर, रहाट आणि जाळे धरणाऱ्या हातांना त्यात जागा उरत नाही, आणि या किनाऱ्यावर तेच हात जास्त होते.

वसईच्या ख्रिस्ती समाजाने पॅरिश या शब्दाला मराठी प्रतिशब्द घडवला तो ‘धर्मग्राम’. बिशपच्या अखत्यारीतला मुलूख तो धर्मप्रांत, आणि चर्चच्या अखत्यारीतली वस्ती तो धर्मग्राम. या शब्दात ग्राम आहे, आणि तो सहज आलेला नाही. इथे चर्च आणि गाव एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की काही ठिकाणी गावाचे नावच चर्चवरून पडले. व्याधींवर उपाय करणारी माउली या अर्थाच्या पोर्तुगीज नावातला ‘रेमेदिओस’ लोकांच्या जिभेवर रमेदी झाला, दयामाउलीच्या चर्चमधला ‘मर्सेस’ गावाचे नाव झाला. नावांची ही घडण पाद्रीने केली नाही, बाजाराला पाने-केळी घेऊन जाणाऱ्यांनी केली. जुनी माणसे चर्चला सरळ देऊळ म्हणतात. उत्तर वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात. तो शब्द ‘कोंपाद्रे’ म्हणजे बाप्तिस्म्यातल्या धर्मपित्याशी असलेल्या नात्यावरून आला. म्हणजे चर्चमध्ये जुळलेले नाते आधी सोयरिकीचे झाले आणि मग अख्ख्या समाजाचे नाव झाले. या समाजाची कादोडी बोली, दक्षिणेकडची वाडवळी, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची बोली, या साऱ्या मराठीच्या बोली आहेत, आणि त्या बोलणाऱ्यांची आडनावे डाबरे, दिब्रिटो, लोपीस, डिमेलो, परेरा अशी आहेत. आडनाव एका भाषेतले आणि अंगाई दुसऱ्या भाषेतली, ही या किनाऱ्याची रोजची गोष्ट आहे.

चर्चच्या आवारातला दगडी क्रूस नीट निरखला तर गावाशी असलेले हे नाते आणखी स्पष्ट दिसते. काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर तो उभा असतो, आणि त्याच्या अंगावर येशूच्या दुःखसहनाची साधने कोरलेली असतात: खिळे, हातोडा, चिमटा, शिडी, पहाटेचा कोंबडा, कधी पायथ्याशी कवटी. या साऱ्या वस्तू सुताराच्या, लोहाराच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या कोरणाऱ्या पाथरवटाने युरोपातला क्रूस पाहिला असण्याचा संभव कमी, पण हातोडा आणि चिमटा त्याने रोज हाताळलेला होता. अशा क्रुसांना फुले वाहतात, मे महिन्यात त्यांच्यापुढे गल्लीतली माणसे एकत्र बसून प्रार्थना म्हणतात. मुंबई-साष्टीच्या बाजूला भाताचे पीक हाती आले की आगेराचा सण होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांवर आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघर वाटल्या जातात. नवान्न पौर्णिमेला दाराला नवे बांधणाऱ्या कोकणी कुळवाड्याला हा सण समजावून सांगावा लागणार नाही.

प्रार्थनेइतकाच या संस्थेचा व्यवहारही गावाचा आहे. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवणे प्रत्येक पॅरिशला बंधनकारक केले. तो नियम जिथे जिथे चर्च पोचले तिथे पोचला. आपल्याकडे पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात जमीन, सारा आणि वतन यांची नोंद असे. कुळाच्या घरी मूल केव्हा जन्मले, कुणाची मुलगी कोणत्या गावी दिली, कोण कोणत्या वयाला वारले, याची नोंद ठेवण्याची पद्धत त्यात नव्हती. धर्मग्रामाच्या वहीत ती पद्धत आहे, आणि त्या वहीत राजा नाही, सरदार नाही, बागाईतदार आणि कोळी आहेत. सामान्य मराठी माणसाच्या कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने तिच्याकडे वळले पाहिजे. पुढे याच आवारांतून शाळा निघाल्या आणि त्यातल्या कितीतरी मराठी माध्यमाच्या होत्या. 1918 मध्ये पापडीला बॅसीन कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला गेला. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्याची ती धडपड होती, आणि आज ती मोठी सहकारी बँक आहे. ‘सुवार्ता’ हे मासिक 1955 पासून मराठीत निघते आहे. त्याचे अनेक वर्षे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. 2020 मध्ये धाराशिवला झालेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एका धर्मगुरूच्या निवडीवरून वाद घालणारे लोक निघाले. ज्या धर्मग्रामात ते वाढले त्याचा चारशे वर्षांचा मराठी व्यवहार त्या लोकांना ठाऊक असता तर वादाला विषयच उरला नसता.

मराठीची ही गोष्ट आपोआप घडली असे मात्र समजू नये. रायगड जिल्ह्यात चौल-रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. 1740 मध्ये पोर्तुगिजांनी तो भाग सोडला, आणि तिथल्या कार्मेल माउलीच्या चर्चभोवतीच्या छोट्या ख्रिस्ती वस्तीत एक मिश्र पोर्तुगीज बोली जिवंत राहिली. तिचे बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. तोच किनारा, तीच सत्ता, जवळपास तेच वर्ष, आणि चर्चभोवती दोन वेगळ्या भाषा टिकल्या. यावरून कुणी म्हणेल की चर्च आणि मराठी यांचा संबंध योगायोगाचा आहे, चर्चभोवती जी भाषा असेल ती टिकते. मलाही नेमके हेच म्हणायचे आहे. गावचे देऊळ आपली भाषा लादत नाही, गावाची भाषा धरून ठेवते. कोर्लईचे लोक किल्ल्यातल्या शिबंदीच्या आश्रयाने वाढले, म्हणून तिथे त्या वस्तीची बोली राहिली. वसईचे लोक बागांतून वाढले, म्हणून इथे बागांतली मराठी राहिली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ लिहिले आणि ते 1616 मध्ये राचोलला छापले गेले. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांसाठी फ्रान्सिस्को वाझ दि गिमरांइश यांनी त्याच शतकात इथल्या बोलीत पुराण रचले. लॅटिन मिस्सा चालू असतानाही गुडघे टेकलेल्या माणसाच्या ओठांवर मराठी होती. 1962 ते 1965 या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साही मराठीत आली. वेदीवरच्या भाषेने बाकांवरच्या भाषेला गाठायला चारशे वर्षे घेतली, एवढेच.

दुसरा आक्षेप वास्तूंच्या जाणकारांचा असतो आणि तो अधिक टोचणारा आहे. या चर्चना ऐतिहासिक म्हणता, पण त्यांत सोळाव्या शतकाचे उरले काय? लाकडी छत गेले आणि मंगलोरी कौले आली, कौले गेली आणि स्लॅब आला, जुना दर्शनी भाग पाडून काँक्रीटचा मनोरा उभा राहिला, सोनेरी मुलाम्याची लाकडी वेदी जाऊन संगमरवरी आली. काही ठिकाणी जुने चर्च पूर्णच पाडून नवे बांधले. हे खरे आहे, आणि त्यातले बरेचसे दुःखद आहे. पण जुनेपणाची ही कसोटी स्मारकाची आहे, देवळाची नव्हे. आपल्याकडे जीर्णोद्धार झालेल्या देवळाला कुणी नवे देऊळ म्हणत नाही. अहल्याबाई होळकरांनी बांधलेल्या काशी विश्वेश्वराच्या देवळाला 1780 चे म्हणून कुणी भाविक कमी मानत नाही. स्थान, नाव, पूजा आणि माणसे यांची अखंडता तो मोजतो. या हिशेबाने सांडोरचे चर्च 1566 चेच आहे. तरीही या उत्तराचा आधार घेऊन जे हाती आहे ते मोडायची परवानगी मिळते असे मानू नये. अखंडता माणसांची असली तरी तिची साक्ष दगड-लाकडात असते. चुन्यातली दीड-दोन हात जाडीची भिंत, दगडात कोरलेले बाप्तिस्म्याचे पाणपात्र, सागवानी तुळईवरचे तासणीचे व्रण, हे एकदा ढिगाऱ्यात गेले की त्या साक्षीचा पुरावा नोंदवहीपुरता उरतो. इतिहास म्हणजे जुनी वास्तू जशीच्या तशी गोठवून ठेवणे, हा पुरातत्त्व खात्याचा हट्ट गावावर लादू नये, आणि भक्ती वाढली म्हणून जुने पाडून मोठे बांधणे हा गावाचा हट्टही इतिहासावर लादू नये. या दोहोंमध्ये वाट आहे. जुन्या वास्तूला हात न लावता शेजारी नवा मंडप बांधता येतो. पाडणे अटळच असेल तर आधी मापे घेऊन आराखडे काढता येतात, कोरीव दगड आणि वेदीचे भाग जपता येतात.

याची घाई आता का, हे वसईच्या नकाशावर दिसते. 1990 मध्ये या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले, 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर होती. महानगरपालिकेतून आपली गावे वगळावीत म्हणून पश्चिम पट्ट्यातल्या लोकांनी मोठे आंदोलन केले. हरित वसईच्या चळवळीला फादर दिब्रिटो आणि अनेक धर्मग्रामे बळ देत राहिली, याचे कारण पाण्यात आहे. गोड्या विहिरींवर रहाट चालले म्हणून वाड्या झाल्या, वाड्या होत्या म्हणून माणसे टिकली, माणसे टिकली म्हणून देवळे टिकली. इमारतींनी पाणी उपसले, विहिरी खारट झाल्या, वाडी विकली गेली की या साखळीची पहिलीच कडी निघते. ज्या देवळांना पेशवाई आणि इंग्रजी अमल हलवू शकला नाही, 1886 ते 1928 या काळात दमणच्या धर्मप्रांतात आणि मग मुंबईच्या धर्मप्रांतात गेल्याने ज्यांच्या रोजच्या आयुष्यात फारसे अंतर पडले नाही, ज्यांना 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला, त्यांच्यापुढे आता पहिल्यांदाच असा प्रसंग आहे की देऊळ राहील, रंगवलेलेही राहील, आणि त्याचे गाव नसेल.

म्हणून या विषयात शिरणाऱ्या वाचकाला एकच विनंती आहे. वसईला जाल तेव्हा किल्ला शेवटी पाहा. आधी निर्मळला उतरा, जिथे शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर, कार्तिक वद्य एकादशीची यात्रा आणि 1856 चे पवित्र क्रुसाचे चर्च एकाच गावात आहेत. तिथून नंदाखाल, आगाशी, पाली, सांडोर पायाखाली घाला. सकाळची मिस्सा मराठीत ऐका, आवारातल्या क्रुसावरचा हातोडा आणि कोंबडा पाहा, दारात बसलेल्या लाल लुगड्यातल्या आजीशी मराठीत बोला. आणि ज्यांच्या हाती या देवळांचा कारभार आहे त्या धर्मगुरूंना आणि पॅरिश कौन्सिलच्या मंडळींना सांगणे असे, की पुढच्या दुरुस्तीचा ठराव करण्याआधी जुन्या भिंतीची मापे घ्या, तुळईचे छायाचित्र काढा, आणि बाप्तिस्म्याच्या वह्यांची प्रत करून ठेवा.